जाहिरात न निघणारी नोकरी: खेळ आणि वेलनेसमध्ये वर्तन विश्लेषण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षं ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर वर्तन विश्लेषक (माणसाचं वागणं मोजून, ते कशामुळे घडतं ते शोधून बदलणारा तज्ज्ञ) म्हणून काम केलंय, प्रमाणपत्र हाताशी आहे, कॉलेजात असेपर्यंत पोहण्याच्या स्पर्धांत उतरत होतात. आता हेच शास्त्र खेळाडूंसाठी आणि तब्येत सुधारू पाहणाऱ्या साध्या माणसांसाठी वापरायचंय, पण अशा पदाची जाहिरात कुठे दिसत नाही. आणखी एखादी पदवी घ्यावी का, हातातली नोकरी सोडावी का आणि सुरुवात कुठून करावी?

जाहिरात दिसत नाही, कारण ती निघतच नाही. चौदा वर्षं मी हे काम करतेय आणि 'वर्तन विश्लेषक पाहिजे' असं म्हणून मला कुणी बोलावल्याचं आठवत नाही. कोचला वर्तन विश्लेषक नको असतो. त्याला पोरं वेळेवर यायला हवी असतात, सरावात जमलेली गोष्ट सामन्यातही जमायला हवी असते आणि तेच तेच ओरडून घसा बसतो ते थांबायला हवं असतं. यातली एखादी अडचण तुम्ही मोजून दाखवलीत आणि हलवून दाखवलीत, की तो तुम्हाला काय म्हणून हाक मारतो याला फारसं महत्त्व उरत नाही. मला एका क्लबात तीन वर्षं 'वहीवाल्या मॅडम' म्हणत.

हे क्षेत्र कालपरवाचं आहे असं समजून दबकत जाऊ नका. उपयोजित वर्तन विश्लेषणाचं नियतकालिक अमेरिकेत 1968 साली सुरू झालं आणि पुढच्या सहा वर्षांत त्यात पोहण्याच्या सरावावरचा अभ्यास छापून आला. मॅकेंझी आणि रशल यांचा 1974 चा. त्यांनी तलावाकाठी नोंदीचे फळे लावले आणि आपली हजेरी आणि किती अंतर पोहून झालं हे जलतरणपटूंनाच सगळ्यांसमोर त्यावर नोंदवायला लावलं. गैरहजेरी आणि उशिरा येणं कमी झालं, पोहण्याचं प्रमाण सुमारे 27 टक्क्यांनी वाढलं. 1977 मध्ये कोमाकी आणि बार्नेट यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या अमेरिकन फुटबॉल संघात तीन डाव निवडले, प्रत्येकाचे पाच टप्पे पाडले आणि टप्प्याटप्प्यावर फीडबॅक द्यायला लावला. साठ टक्क्यांच्या आसपास घुटमळणारी अचूकता ऐंशीच्या घरात गेली. 1980 मध्ये ॲलिसन आणि आयलन यांनी अमेरिकन फुटबॉल, जिम्नॅस्टिक्स आणि टेनिस अशा तीन खेळांत एकच पद्धत वापरली. कोच 'फ्रीझ' म्हणणार, खेळाडू आहे त्या स्थितीत थांबणार, काय चुकलं ते कोच सांगणार, बरोबर स्थिती करून दाखवणार आणि खेळाडू लगेच ती करून बघणार. काही खेळाडूंची अचूकता बेसलाइनच्या, म्हणजे बदल करण्याआधीच्या नोंदीच्या, दहापटीपर्यंत गेली.

एवढं सगळं असून व्यवसाय का उभा राहिला नाही? माझं मत असं की पैसा दुसरीकडे वळला. ऑटिझमच्या उपचारांना विम्याचे पैसे मिळू लागले आणि बहुतेक सगळे तिकडे गेले. त्यात वाईट काहीच नाही. पण मैदान रिकामं राहिलं.

आता हे काम प्रत्यक्षात दिसतं कसं, ते एका तलावाकाठी दाखवते. तुम्ही पोहलेल्या आहात, तुम्हाला लगेच कळेल.

चौदा वर्षांची मुलगी, फ्रीस्टाइल. टर्न मारून भिंतीवरून सुटली, की पहिल्याच हाताला मान वळवून श्वास घ्यायची आणि भिंतीवरून मिळालेला वेग तिथेच मरायचा. कोच म्हणाले, वर्षभर सांगतोय, ऐकत नाही, डोक्यातच जात नाही. मी वही घेऊन बसले. 25 मीटरचा तलाव, आठ वेळा 100 मीटरचा सेट, म्हणजे 24 टर्न. त्यातल्या 19 टर्नला तिने पहिल्या हाताला श्वास घेतला. दुसऱ्या रकान्यात मी कोचना मोजत होते, हे त्यांना माहीत नव्हतं (पुढे सांगितलं, हसले). ते 13 वेळा 'श्वास!' असं ओरडले. तेराही वेळा तिचं डोकं पाण्याखाली होतं, नाहीतर ती चार हात पुढे गेलेली होती. सेट संपल्यावर ते म्हणाले, "किती वेळा सांगायचं तुला?" ती म्हणाली, "हो सर." मग मी तिला विचारलं, किती वेळा घेतलास गं पहिल्या हाताला? ती म्हणाली, "पाच-सहा वेळा असेल." खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तेवढंच वाटत होतं.

या प्रसंगात 'ऐकत नाही' आणि 'डोक्यात जात नाही' याला काही आधार सापडतो का बघा. फीडबॅक तिच्यापर्यंत पोचत नव्हता, पोचला तेव्हा सेट संपलेला होता आणि त्यात माहिती काहीच नव्हती. शिवाय सूचनाच चुकीची होती. ऑग्डेन लिंडस्ली यांची मृत माणसाची कसोटी तुम्ही शिकला असाल: जे मेलेला माणूसही करू शकतो ते वर्तन नव्हे. 'श्वास घेऊ नकोस' ही सूचना मेलेला माणूस उत्तम पाळतो. म्हणून आम्ही ती उलटवली: 'दोन हात, मग श्वास.' आता मोजायला काहीतरी हातात आलं. बेसलाइन, 24 पैकी 5.

बदल एवढाच केला. प्रत्येक 100 मीटरनंतर वीस सेकंदांची विश्रांती होतीच. त्यात तिने आधी स्वतःचा आकडा बोटांनी दाखवायचा, तीनपैकी किती टर्न जमले, आणि मग कोचनी आपला आकडा दाखवायचा. बोलायचं नाही. दोघांचे आकडे जुळले तर अंगठा. पहिल्या दिवशी जुळले आठपैकी दोनदा. चौथ्या दिवशी तिचा अंदाज बरोबर यायला लागला आणि टर्न त्यानंतर सुधारले. हा क्रम मला पुढे खूप ठिकाणी दिसला. नवव्या दिवशी 24 पैकी 20. सरावाची वेळ एका मिनिटानेही वाढली नव्हती, एकही नवा व्यायाम घातला नव्हता आणि कोचचा घसा ठीक होता.

यात तुम्हाला नवीन काय शिकावं लागलं असतं? काहीच नाही. थेरपीच्या खोलीत तुम्ही रोज हेच करता. नवीन शिकायची ती एवढीच गोष्ट, की इथे तुमचा खरा क्लायंट खेळाडू नसतो, कोच असतो. खेळाडूसमोर तुम्ही आठवड्यातून दोन तास असता, कोच वीस तास असतो. त्याच्या तोंडून काय निघतं, कधी निघतं आणि कशावर निघतं हे बदललं, तर तुम्ही गेल्यावरही बदल टिकतो. थार्प आणि गॅलिमोर या दोघांनी 1974-75 च्या हंगामात बास्केटबॉलचे विख्यात कोच जॉन वुडन यांचे सराव बसून मोजले. 2,326 वेळा ते काही ना काही शिकवताना दिसले. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश वेळा ते निव्वळ माहिती देत होते, काय करायचं, कसं करायचं. शाबासकी सात टक्क्यांच्या आसपास, नापसंतीही जवळजवळ तेवढीच. कोचना 'जास्त कौतुक करा' असा उपदेश करणाऱ्यांनी हे आकडे आधी पाहावेत. प्रबलन, म्हणजे आपण ज्याला रोज रीइन्फोर्समेंट म्हणतो ते, म्हणजे गोड बोलणं नव्हे. ज्याच्यामुळे ते वर्तन पुढच्या वेळी जास्त होतं, ते प्रबलन. आपला आकडा कोचच्या आकड्याशी जुळणं हे त्या मुलीसाठी कुठल्याही 'व्हेरी गुड'पेक्षा मोठं होतं.

माझी सुरुवात मात्र अशी सुरेख झाली नव्हती. पहिल्याच क्लबात मी तो 1974 चा पोहण्याच्या सरावावरचा अभ्यास वाचून गेले आणि उत्साहात भिंतीवर हजेरीचा तक्ता लावला. नावं, तारखा, उशिरा आलेल्यांच्या पुढे लाल खूण. खुणा करणारी मी. दोन आठवड्यांत दोन मुलं यायचीच बंद झाली. त्यातल्या एकाच्या आईला फोन केला, तर कळलं की मुलगा अर्धा तास आधी पिशवी घेऊन दारात उभा असायचा. उशीर गाडी चालवणाऱ्या वडिलांना व्हायचा. वर्तन वडिलांचं, लाल खूण मुलाच्या नावापुढे. त्या अभ्यासात जलतरणपटू आपली नोंद आपण करत होते, केलेलं मोजत होते. मी राहिलेलं मोजलं, तेही माझ्या हाताने. फळा तोच, काम उलटं. त्या क्लबाने मला पुन्हा बोलावलं नाही आणि त्यांचं बरोबरच होतं.

मैदानावर रिव्हर्सल डिझाइन, म्हणजे केलेला बदल काढून घेऊन वर्तन परत जुन्यावर येतं का ते बघणं, विसरा. शिकलेला टर्न कुणी परत विसरून दाखवत नाही, आणि दाखवला तर कोच तुम्हाला विसरेल. मल्टिपल बेसलाइन वापरा: तीन कौशल्यं किंवा तीन खेळाडू, एकेकाला वेगवेगळ्या आठवड्यात सुरुवात. कोचना हे नैसर्गिक वाटतं, कारण ते तसंही एका वेळी एकच गोष्ट सुधारायला घेतात.

जिम्नॅस्टिक्समधून आलेली टॅगटीच ही पद्धतही बघून ठेवा. योग्य क्षणाला 'क्लिक' असा आवाज, बस. गोल्फच्या स्विंगवर आणि नृत्यावर तिचे अभ्यास झालेले आहेत. मला ती आवडते ती आवाजासाठी नाही. कोचला एका वेळी एकच, डोळ्यांना दिसणारी गोष्ट ठरवावी लागते, म्हणून आवडते. निम्मं काम तिथेच होतं.

वेलनेसकडे वळते. हा शब्द इतका सैल आहे की त्यात काहीही मावतं, म्हणून इथे शिस्त तुमची तुम्हाला आणावी लागेल. वजन हे वर्तन नाही. रक्तदाब, झोपेचा स्कोअर, 'एनर्जी' यातलं काहीच वर्तन नाही. हे परिणाम आहेत, तेही उशिरा येणारे आणि दहा गोष्टींवर अवलंबून असलेले. क्लायंटबरोबर पहिल्या बैठकीत मी एवढंच ठरवते, की तुम्ही काय करताना कॅमेऱ्यात दिसाल? बूट घालून दाराबाहेर. दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत. हे मोजता येतं.

लक्ष्य ठरवण्याची एक रीत सविस्तर सांगते, कारण माझं अर्धं वेलनेसचं काम तिच्यावर चालतं. दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. तो आला 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून. 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा वाईट नाही, पण तीन हजार पावलं चालणाऱ्या माणसासाठी तो रोजची नापासाची पत्रिका आहे. त्याऐवजी पर्सेंटाइलने चला. क्लायंटचे मागचे नऊ दिवस घ्या आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. समजा आले 2100, 2400, 2600, 2900, 3100, 3300, 3800, 4500, 6000. सहावा आकडा 3300. आज तो ओलांडायचा. उद्या सगळ्यात जुना दिवस गळतो, आजचा येतो, पुन्हा लावायचं. यातली गंमत अशी की माणूस नेहमीसारखाच चालत राहिला तरी दहापैकी साधारण चार दिवस तो जिंकतो, आणि जिंकल्याने चालणं वाढलं की लक्ष्य आपोआप वर सरकतं. आजारपणात दोन आठवडे गेले तर ते खालीही येतं, कुणी माफी मागायची गरज नाही. क्लायंटला हा हिशोब दाखवू नका, फक्त सकाळी एक आकडा पाठवा.

एका फिटनेस ॲपच्या कंपनीने मला सल्लागार म्हणून घेतलं होतं. त्यांना सलग दिवसांची 'स्ट्रीक' आणखी ठळक करून हवी होती. मी डेटा मागितला. चाळीस-पन्नास दिवसांची स्ट्रीक एका तापाने तुटली, की पुष्कळ लोक ॲप परत उघडतच नव्हते. मी म्हटलं, चुकलेल्या दिवसानंतरचं पहिलं परत येणं हेच सगळ्यात मोठं वर्तन समजा, प्रबलन तिथे ठेवा. त्यांना ते पटलं नाही, कारण जाहिरातीत दाखवायला स्ट्रीक बरी दिसते. करार संपला. मानधन मिळालं आणि एक धडाही: वेलनेसमधलं पुष्कळसं काम 'लोक ॲपवर राहावेत' यासाठी असतं, 'लोकांनी चालावं' यासाठी नसतं. करार करण्याआधी यश कशावर मोजणार हे लिहून घ्या.

पदवीचं आता उरकते. तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे, ते सांभाळा. 1998 साली स्थापन झालेल्या अमेरिकी प्रमाणन मंडळाने 2023 पासून नवे अर्ज मोजक्याच देशांपुरते ठेवले आहेत, त्यामुळे आहे ते घालवू नका. खेळासाठी वेगळी पदवी लागत नाही. शक्य असेल तर कोचिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम करा. तंत्र शिकवता यावं म्हणून नाही, कोच आपापसात काय बोलतात ते कळावं म्हणून. पण 'क्रीडा मानसशास्त्रज्ञ' असं कार्डावर छापू नका. अनेक देशांत परवान्याशिवाय ते बिरुद लावणं बेकायदा आहे आणि तसं नसतं तरी ते खरं नाही.

मर्यादा आधीच आखून घ्या. खेळाडू जेवण टाळतोय, जेवून लगेच बाथरूममध्ये जातोय, वजनाच्या गटासाठी पाणी तोडतोय, दुखापत लपवून खेळतोय, झोप उडालीय, जगण्यात अर्थ नाही असं बोलतोय, तर ते तुमचं टार्गेट बिहेविअर नाही. तो त्या त्या तज्ज्ञाकडे पाठवायचा प्रसंग आहे, आणि तज्ज्ञांचे फोन नंबर पहिल्या कामाआधीच वहीत असावेत. 'पाण्याचा घोट मोजा, वजन उतरवून द्या' अशी मागणी कोचकडून येते. मी दोनदा काम सोडलंय त्यावर.

त्याहून चिवट प्रश्न गोपनीयतेचा. थेरपीत पैसे देणारे आणि मुलाचं भलं पाहणारे बहुधा एकच असतात. इथे पैसे क्लब देतो, डेटा खेळाडूचा असतो आणि निवडीच्या आदल्या दिवशी कुणीतरी सहज विचारतं, "तुमच्या वहीत काय म्हणतेय ती? दबावात टिकेल का?" उत्तर त्या दिवशी शोधायचं नसतं. पहिल्याच पत्रात लिहायचं: कोणता आकडा कोणाला दिसेल, निवडीसाठी काहीही दिलं जाणार नाही, खेळाडू अल्पवयीन असेल तर पालकांची संमती आणि खेळाडूचा स्वतःचा होकार. आणखी एक, त्या प्रमाणन मंडळाच्या 2022 पासून लागू असलेल्या आचारसंहितेत चालू क्लायंटकडून जाहिरातीसाठी अभिप्राय मागायला मनाई आहे. पदक जिंकलेल्या मुलीबरोबरचा फोटो आणि 'यांच्यामुळे जमलं' हे वाक्य या धंद्यात सगळे वापरतात. तुम्ही वापरू शकत नाही. त्यामुळे ओळख हळू पसरते. कोच दुसऱ्या कोचला सांगतो तेव्हा, आणि ते सांगायला तीन-चार हंगाम जातात.

म्हणून नोकरी सोडू नका. निदान दोन वर्षं तरी. जमल्यास आठवड्यातला एक दिवस मोकळा करून घ्या. तासावर पैसे घेऊ नका. तासाचे पैसे असले की कोच तुम्हाला बोलावताना घड्याळ बघतो आणि नुसतं बसून मोजायचे दिवस त्याला फुकट गेलेले वाटतात. आठ आठवड्यांचं एक काम ठरवा: दोन आठवडे बेसलाइन, पाच आठवडे बदल, एक आठवडा तुम्ही नसताना काय टिकलं ते बघायचा. तो शेवटचा आठवडा पुढचं काम मिळवून देतो, माझा तरी असाच अनुभव आहे. आज माझं निम्म्याहून जास्त उत्पन्न कोच-प्रशिक्षणातून येतं, उरलेलं व्यक्तिगत क्लायंट आणि अधूनमधून एखाद्या कंपनीचं काम. खेळाडूंबरोबर थेट काम सगळ्यात आनंदाचं आणि सगळ्यात कमी पैशांचं आहे. हे आधीच माहीत असलेलं बरं.

सुरुवात तलावापासूनच करा, पण जपून. तुम्हाला पोहण्यातलं कळतं आणि तोच धोका आहे. तिसऱ्या दिवशी तुमचा हात शिवशिवेल, कोपर वर ठेव असं सांगावंसं वाटेल. तंत्र कोचचं आहे, तिथे बोट घातलंत की तुम्ही दुसरा कोच झालात आणि एका तलावाला दोन कोच परवडत नाहीत. ओळखीतल्या एका कोचला विचारा, सध्या कशाने डोकं उठलंय? जे उत्तर येईल त्यातली एकच गोष्ट निवडा. लॅपटॉप नको, वही आणि पेन. पहिले दोन आठवडे फक्त मोजा आणि कोचने विचारल्याशिवाय मत देऊ नका. साधारण चौथ्या दिवशी तो स्वतःच येऊन वहीत डोकावतो.